किक ते ब्लोआउट : समुद्रातील तेलविहिरीवरचा ताबा सुटू नये म्हणून टप्प्याटप्प्याने काय करावे

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या मुंबई हाय क्षेत्रात १९७४ साली ‘सागर सम्राट’ या रिगने तेल शोधले आणि १९८२ साली त्याच क्षेत्रात ‘सागर विकास’ या रिगवर ब्लोआउट झाला, म्हणजे विहिरीतले तेल-वायू अनावर उसळून आले. त्यामुळे विहिरीवरचा ताबा सुटणे ही आपल्या किनाऱ्यालाही अनोळखी गोष्ट नाही. ड्रिलिंगच्या पाळीत नव्याने दाखल झालेले, विहीर नियंत्रणाच्या आयडब्ल्यूसीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या परीक्षेची तयारी करणारे आणि प्लॅटफॉर्मवर दुसऱ्या कामासाठी जाऊनही शेजारच्या विहिरीत काय चालले आहे हे समजून घेऊ इच्छिणारे, अशा तिघांना उपयोगी पडेल या बेताने हा लेख लिहिला आहे. कंपनीची लेखी कार्यपद्धती, त्या विहिरीचा आराखडा आणि प्रत्यक्ष प्रशिक्षण यांची जागा तो घेऊ शकत नाही. त्या सगळ्यामागचा विचार मात्र तो उलगडून दाखवू शकतो.

ऑस्ट्रेलियाजवळच्या मोंटारा आणि मेक्सिकोच्या आखातातील मकाँडो या दोन घटनांवर सविस्तर सरकारी चौकश्या झाल्या. त्यांतून माझे एक मत पक्के झाले आहे : विहीर उसळण्याच्या बऱ्याच आधी कोणीतरी न तपासलेला अडथळा भक्कम म्हणून मोजलेला असतो, किंवा तपासणीने धोका दाखवला असताना त्याला सोयीचे कारण चिकटवलेले असते. पुढचे सर्व टप्पे याच दृष्टीने वाचावेत.

आधी घटना नेमकी ओळखा

थरातील तेल, वायू किंवा पाणी आपल्याला नको असताना विहिरीत शिरते तेव्हा त्याला किक म्हणतात. किक वेळीच ओळखून बीओपीने (विहिरीच्या तोंडावरच्या, ती बंद करणाऱ्या झडपांच्या संचाने) विहीर बंद केली आणि ठरल्या पद्धतीने ती बाहेर काढली, तर ते रिगवरचे अवघड पण नियंत्रणातले काम असते. हा प्रवाह आवरता येत नाही तेव्हा ताबा सुटला असे म्हणायचे. तो प्रवाह वर येतो तेव्हा सर्वांना दिसतो. पण एका थरातून निघून केसिंगच्या (विहिरीत बसवलेल्या पोलादी अस्तर-नळीच्या) खालच्या टोकापाशी खडक फोडून दुसऱ्या थरात शिरणारा भूमिगत ब्लोआउट रिग फ्लोअरवरून दिसत नाही, त्याचा माग केवळ दाबाच्या आकड्यांवरून काढावा लागतो. डायव्हर्टरमधून (प्रवाह रिगपासून दूर वळवणाऱ्या नळीतून) होणारा अनियंत्रित प्रवाह आणि वरच्या उपकरणाच्या बिघाडामुळे होणारा प्रवाह यांनाही अमेरिकी नियमांत ताबा सुटल्याचीच घटना मानले जाते.

समुद्रातली प्रत्येक आग मात्र ब्लोआउट नसते. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मवर २२ जणांचा बळी घेणारी आग लागली, ती ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज आदळून वायूची रायझर पाइप फुटल्यामुळे. विहिरीचे नियंत्रण त्या दुर्घटनेच्या मुळाशी नव्हते, म्हणून तिचे धडेही वेगळे आहेत.

दाबाचे गणित हाताने करता आले पाहिजे

विहिरीतल्या मडच्या (ड्रिलिंगसाठी फिरवल्या जाणाऱ्या जड चिखलद्रवाच्या) वजनाने तळाशी पडणारा दाब हा पहिला अडथळा असतो. रिगवर आजही पीपीजी (गॅलनला पौंड), फूट आणि पीएसआय (चौरस इंचाला पौंड) हीच एकके चालतात आणि सूत्र सोपे आहे : मडचे वजन गुणिले उभी खोली गुणिले ०.०५२. दहा पीपीजीचा मड आणि १०,००० फूट उभी खोली असेल, तर तळाशी ५,२०० पीएसआय दाब मिळतो. थराचा दाब याहून कमी असेपर्यंत विहीर शांत राहते. पण मड वाटेल तेवढा जड करता येत नाही, कारण केसिंग शूजवळचा (केसिंगच्या खालच्या टोकाजवळचा) खडक फुटला की मड थरात पळतो, विहिरीतली पातळी उतरते आणि दाब कमी होऊन दुसरीकडून किक येते. म्हणूनच शू ड्रिल करून बाहेर पडल्यावर लीक-ऑफ टेस्ट, म्हणजे तिथला खडक किती दाब सोसतो याची चाचणी, घेतात. शू ५,००० फुटांवर असेल आणि तिथला खडक १४ पीपीजीइतका दाब सोसत असेल, तर दहा पीपीजी मड असताना ॲन्युलसवर (पाइपभोवतीच्या पोकळीवर) वरून देता येणारा कमाल दाब (१४ − १०) × ०.०५२ × ५,००० म्हणजे १,०४० पीएसआय होतो. हा आकडा ड्रिलरच्या समोरच्या फळ्यावर असलाच पाहिजे, आणि मडचे वजन बदलले की तोही पुसून नव्याने लिहिला पाहिजे.

अडथळे मोजा, पण तपासलेलेच मोजा

थर आणि वातावरण यांच्यामध्ये कायम दोन स्वतंत्र अडथळे असावेत, हा या धंद्यातला मूळ नियम आहे. ड्रिलिंग चालू असताना मडचा स्तंभ पहिला आणि बीओपी दुसरा असतो. विहीर तात्पुरती बंद करून ठेवताना सिमेंट, प्लग आणि टोप्या त्यांची जागा घेतात, आणि नेमकी इथेच गफलत होते.

तिमोर समुद्रातील मोंटारा प्लॅटफॉर्मची एच-१ ही विहीर याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. मार्च २००९ मध्ये तिच्या ९⅝ इंची केसिंगच्या शूमध्ये सिमेंट भरले गेले. दाब सोडल्यावर १६.५ बॅरल द्रव उलट परत आला. सिमेंट परत येऊ न देण्यासाठी बसवलेले फ्लोट व्हॉल्व्ह धरत नाहीत, असा त्याचा सरळ अर्थ होता. तो द्रव पुन्हा तितकाच आत पंप केला गेला आणि त्यामुळे शूमधले सिमेंट बाहेर ढकलले जाऊन पातळ झाले. म्हणजे मुख्य अडथळाच निकामी झाला. त्याची पुन्हा तपासणी झाली नाही. विहिरीत राहिलेला द्रवस्तंभ थराच्या दाबाला पुरेसा नव्हता. दाब धरणाऱ्या दोन टोप्या बसवायच्या होत्या, त्यांतली एकच बसली. ऑगस्टमध्ये ‘वेस्ट ॲटलस’ ही रिग परत आली तेव्हा १३⅜ इंची केसिंगची टोपी जागेवर नसल्याचे आढळले आणि तिथले आटे गंजलेले होते. ते साफ करता यावेत म्हणून उरलेली टोपीही काढली आणि विहीर तशीच उघडी राहिली. २१ ऑगस्ट २००९ च्या पहाटे तिने एक उचकी दिली, प्रवाह थांबला, आणि सुमारे दोन तासांनी ती पूर्ण उसळली. ६९ जण सुखरूप बाहेर पडले, पण तेल आणि वायू ७४ दिवस वाहत राहिले.

या घटनेतून कामाचा टप्पा असा निघतो. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला विहिरीची आकृती समोर घ्यावी, त्यावर आत्ता असलेले अडथळे दाखवावेत आणि प्रत्येकापुढे तो कधी, कोणत्या दिशेने आणि किती दाबावर तपासला हे लिहावे. हा रकाना कोरा राहिला तर तो अडथळा नाही असे समजून चालावे. कोणताही अडथळा काढण्याआधी, तो काढल्यावर काय उरेल, हा प्रश्न ते काम करणाऱ्याने मोठ्याने विचारावा. ख्रिसमस ट्री (उत्पादन करणाऱ्या विहिरीच्या तोंडावरचा झडपांचा संच) काढून बीओपी बसवण्यापर्यंतचा काळ तर विशेष जपावा. २२ एप्रिल १९७७ रोजी नॉर्वेच्या एकोफिस्क ब्राव्हो प्लॅटफॉर्मवर ट्री उतरवलेली होती, बीओपी अजून बसायचा होता, आणि विहिरीत बसवलेला सुरक्षा व्हॉल्व्ह नीट अडकलेला नव्हता. त्या फटीतूनच ब्लोआउट झाला.

इनफ्लो टेस्टचा अर्थ लावताना

सिमेंट धरते की नाही हे पाहण्यासाठी वरचा दाब मुद्दाम कमी करून विहीर आतून ढकलते का, हे तपासतात. याला निगेटिव्ह प्रेशर टेस्ट किंवा इनफ्लो टेस्ट म्हणतात. निकष साधा आहे : प्रवाह शून्य, आणि दाब शून्यावर आणल्यावर तो परत चढत नाही. यातली एकही गोष्ट बिघडली तर टेस्ट नापास.

२० एप्रिल २०१० च्या संध्याकाळी मकाँडो विहिरीवर ‘डीपवॉटर होरायझन’ रिगवर हीच टेस्ट चालू होती. ड्रिल पाइपवर १,४०० पीएसआय दाब दिसत होता आणि किल लाइनमधून (बीओपीला जोडलेल्या बाजूच्या नळीतून) मात्र प्रवाह नव्हता. एकाच विहिरीला जोडलेल्या दोन नळ्यांवर इतका वेगळा दाब दिसणे शक्य नसते, आणि दिसलाच तर एक वाट तुंबलेली आहे किंवा व्हॉल्व्ह चुकीच्या स्थितीत आहे असा संशय घेऊन टेस्ट नव्याने मांडायला हवी. तिथे त्या १,४०० पीएसआयला ‘ब्लॅडर इफेक्ट’ असे नाव देऊन टेस्ट पास धरली गेली. त्यानंतर रायझरमधला (समुद्रतळापासून रिगपर्यंतच्या नळीतला) जड मड काढून समुद्राचे पाणी भरणे सुरू झाले आणि विहिरीवरचे वजन उतरत गेले. रात्री ९.०८ वाजता पंप थांबवले असतानाही ड्रिल पाइपवरचा दाब चढत होता. ९.४० च्या सुमारास मड रिग फ्लोअरवर आला आणि ९.४९ ला स्फोट झाला. ११ जण मरण पावले.

यावरून तीन नियम पाळावेत असे मी आग्रहाने सांगेन. टेस्टचा निकष टेस्टच्या आधी कागदावर लिहिलेला असावा, म्हणजे नंतर त्याला वाकवता येणार नाही. न जुळणाऱ्या आकड्याचे स्पष्टीकरण तपासून सिद्ध झाल्याशिवाय पुढचे काम सुरू करू नये. ते देणारा माणूस कितीही अनुभवी असला तरी. आणि निकाल संशयास्पद असेल तर किनाऱ्यावरच्या अभियंत्याला मूळ आकडे पाठवावेत, ‘टेस्ट ठीक’ एवढाच निरोप नव्हे.

किकची चाहूल

पंपाची गती तीच असताना परतीचा प्रवाह वाढणे आणि पिटमधली (मडच्या टाकीतली) पातळी चढणे ही सर्वांत भरवशाची चिन्हे आहेत. पंप बंद करूनही विहीर वाहत असेल तर संशयाला जागाच उरत नाही. ड्रिलिंगचा वेग एकाएकी वाढणे, पंपाचा दाब उतरून स्ट्रोक वाढणे, मडमध्ये वायू दिसणे ही इशारा देणारी चिन्हे आहेत; ती दिसली की थांबून फ्लो चेक करावा, म्हणजे पंप बंद करून विहीर वाहते का ते पाहावे.

पिटची नोंद शुद्ध राहण्यासाठी एका वेळी एकच हालचाल करावी. मकाँडोत त्या दिवशी दुपारी मड शेजारच्या पुरवठा जहाजावर पाठवला जात होता आणि पिट बदलले जात होते. अशा वेळी किती आत गेले आणि किती बाहेर आले याचा ताळा लागत नाही. मड हलवायचा असेल तर मड लॉगर (मड आणि त्यातल्या वायूच्या नोंदी ठेवणारा) आणि ड्रिलर दोघांनाही आधी सांगावे, हलवून झाल्यावर नवी पातळी टिपावी आणि मगच पुढे जावे.

पाइप वर काढताना धोका अधिक असतो, कारण तेव्हा पंपाचा दाब नसतो, शिवाय पाइप ओढताना पिचकारीच्या दट्ट्यासारखा परिणाम होऊन थरातला द्रव आत खेचला जातो. यालाच स्वॅबिंग म्हणतात. पाच इंची ड्रिल पाइपचा एक स्टँड (एकत्र जोडलेल्या तीन पाइपांचा गट) काढल्यावर विहिरीला साधारण ०.७ बॅरल मड लागला पाहिजे, म्हणजे दहा स्टँडला सात. ट्रिप टँकमधून (पाइप काढताना विहीर भरणाऱ्या छोट्या टाकीतून) पाचच गेले असतील तर दोन बॅरल थरातून आले आहेत असे धरावे. विहीर वाहत नसेल तर पाइप पुन्हा तळापर्यंत नेऊन पूर्ण मड फिरवावा, आणि वाहत असेल तर लगेच बंद करावी. ट्रिप शीट (याच हिशोबाचा तक्ता) कॉफीच्या वेळी अंदाजाने भरणे ही सवय दिसली तर ती त्याच पाळीत मोडून काढावी.

विहीर बंद करण्याचा क्रम

ड्रिलिंग चालू असताना, पृष्ठभागावर बीओपी असलेल्या जॅक-अप रिगवर किंवा प्लॅटफॉर्मवर हा क्रम असा असतो :

१. रोटेशन थांबवा, बिट तळापासून उचला आणि टूल जॉइंट (पाइपचा जाड जोड) रॅमच्या (बीओपीतल्या पाइप पकडणाऱ्या जबड्यांच्या) समोर येणार नाही अशा उंचीवर पाइप आणा.
२. पंप बंद करा आणि प्रवाह पाहा.
३. विहीर वाहत असेल तर ॲन्युलर (बीओपीतले पाइपभोवती आवळणारे रबरी कडे) बंद करा आणि चोक लाइनचा एचसीआर व्हॉल्व्ह (दुरून चालवायची झडप) उघडा. चोक (प्रवाह कमीजास्त करणारी झडप) आधीपासून बंदच असतो.
४. टूल पुशर (रिगवरच्या ड्रिलिंग पथकाचा प्रमुख) आणि कंपनी मॅन (तेल कंपनीचा प्रतिनिधी) यांना कळवा.
५. ड्रिल पाइप आणि केसिंग यांवरचे दाब, पिटमधली वाढ आणि वेळ लिहा.

पाइप बाहेर काढत असताना किक आली तर आधी स्लिप (पाइप धरून ठेवणाऱ्या पाचरी) लावून पूर्ण उघडा सुरक्षा व्हॉल्व्ह पाइपवर बसवायचा, तो बंद करायचा आणि मग ॲन्युलर. हा व्हॉल्व्ह आणि त्याची किल्ली नेहमी फ्लोअरवर, उघड्या स्थितीत आणि त्या वेळी वापरात असलेल्या पाइपच्या आट्यांना जुळणारी हवी.

चौथा मुद्दा तिसऱ्यानंतर आहे, तो मुद्दाम. ड्रिलरने परवानगी न मागता विहीर बंद करायची असते. विहीर बंद करून ती शांत निघाली तर वीस मिनिटे गेली, आणि त्याबद्दल ड्रिलरला कोणी बोल लावला तर दोष बोलणाऱ्याचा आहे. उशीर झाला तर प्रत्येक मिनिटाला आणखी वायू आत येतो, आणि तळाशी एक बॅरल असलेला वायू वर येईपर्यंत शेकडो पट फुगतो.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. वरच्या टप्प्यात, फक्त कंडक्टर (सर्वांत वरची रुंद नळी) बसवलेले असताना, उथळ वायू लागला तर विहीर बंद करू नये. दाबाने शूजवळची माती फुटून वायू प्लॅटफॉर्मच्या पायाशी वर येऊ शकतो. तिथे वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूची डायव्हर्टर लाइन उघडायची, पंप पूर्ण गतीने चालू ठेवायचे आणि अनावश्यक माणसे हलवायची.

आकडे वाचून किक बाहेर काढणे

समजा वरच्याच विहिरीत पिटमध्ये १५ बॅरल वाढ झाली, बंद केल्यावर ड्रिल पाइपवर २६० आणि केसिंगवर ४८० पीएसआय दाब स्थिरावला. थराचा दाब ५,२०० अधिक २६०, म्हणजे ५,४६० पीएसआय. किल मडचे (विहीर शांत करायला पुरेल इतक्या जड मडचे) वजन १० अधिक २६० भागिले (०.०५२ × १०,०००), म्हणजे १०.५ पीपीजी. साडेआठ इंची विहिरीत साडेसहा इंची कॉलरभोवती (बिटच्या वरच्या जाड पाइपभोवती) १५ बॅरल सुमारे ५१५ फूट जागा व्यापतात. दोन दाबांतला २२० चा फरक त्या उंचीने भागला आणि मडच्या ०.५२ मधून वजा केला की फुटाला ०.०९ पीएसआय उरतो. हा वायूच आहे. तो वर सरकणार आणि वाट पाहत असताना दोन्ही दाब चढत जाणार. तेव्हा चोकमधून थोडा थोडा मड सोडून ड्रिल पाइपवरचा दाब ठरवलेल्या मर्यादेत ठेवावा.

मिनिटाला ३० स्ट्रोकच्या गतीला पंपाचा दाब ७०० पीएसआय नोंदवलेला असेल, तर सुरुवातीचा फिरता दाब ७०० अधिक २६०, म्हणजे ९६० होतो, आणि किल मड बिटपर्यंत पोहोचल्यावरचा दाब ७०० × १०.५ ÷ १०, म्हणजे ७३५. ड्रिलर्स मेथडमध्ये आधी जुन्याच मडने किक बाहेर काढतात. पंप गतीवर आणेपर्यंत केसिंगवरचा दाब ४८० वर धरायचा आणि मग ड्रिल पाइपवर ९६० कायम ठेवायचे. वायू निघून गेल्यावर विहीर बंद केली तर दोन्ही ठिकाणी २६० दिसले पाहिजेत. दुसऱ्या फेरीत किल मड आत जातो. वेट अँड वेट पद्धतीत आधी मड जड करून एकाच फेरीत हे काम उरकतात. वायू शूपर्यंत पोहोचण्याआधी किल मड ॲन्युलसमध्ये शिरला तर शूवरचा ताण त्यात कमी राहतो. पण नव्या पथकाला, विशेषतः बॅराइट (मड जड करण्याची भुकटी) कमी असेल तेव्हा, पहिली पद्धत अधिक सुरक्षित वाटते, कारण तिच्यात लगेच सुरुवात करता येते आणि हिशोबही थोडा लागतो.

दुसरा अडथळाही ढळला तर

प्रवाह बीओपीच्या वर आलेला असेल तर तो समुद्रावर वळवावा. मकाँडोत तो मड-गॅस सेपरेटरकडे वळवला गेला. त्या उपकरणाची क्षमता इतक्या प्रवाहाला पुरणारी नव्हती आणि वायू रिगभर पसरला. किती प्रवाहाला कोणती लाइन वापरायची, हा निर्णय आधी लिहून ठेवलेला असावा. तरंगत्या रिगवर आपत्कालीन विलग होण्याची यंत्रणा कोण, कधी आणि कोणाला न विचारता चालवू शकतो, हेही. ब्लाइंड शिअर रॅमवर (पाइप कापून विहीर बंद करणाऱ्या जबड्यांवर) शेवटची भिस्त ठेवताना लक्षात असू द्यावे की मकाँडोत पाइप वाकून मधल्या रेषेतून सरकला होता आणि रॅमला तो कापून विहीर पक्की बंद करता आली नाही. एपीआय या अमेरिकी तेल संस्थेच्या स्टँडर्ड ५३ नुसार बीओपीची दाब-तपासणी ठरलेल्या मुदतीत झालीच पाहिजे; तरीही तपासणीत पास झालेला बीओपी जोरात वाहणाऱ्या विहिरीवर चालेलच याची हमी नसते. म्हणून तो लवकर बंद करायचा.

२८ नोव्हेंबर २००४ रोजी नॉर्वेच्या स्नोरे-ए प्लॅटफॉर्मखाली समुद्रतळातून वायू येऊ लागला. २१६ पैकी १८१ जणांना हेलिकॉप्टरने हलवण्यात आले आणि मागे राहिलेल्या ३५ जणांनी उरलेल्या साहित्यातून मड बनवून विहीर शांत केली. त्यांच्या धैर्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण नियोजनासाठी त्यातून घ्यायचा मुद्दा असा की बॅराइट आणि मडचा किमान साठा ठरवून त्याखाली गेल्यास ड्रिलिंग थांबवावे.

विहीर मोकाट सुटल्यावर दोन मार्ग उरतात : वरून कॅप बसवणे किंवा बाजूने रिलीफ विहीर खणून तळाशी जड मड सोडणे. मोंटाराची रिलीफ विहीर पाचव्या प्रयत्नात लागली. मकाँडो ८७ दिवसांनी, १५ जुलैला, कॅपने थांबली आणि रिलीफ विहिरीतून सिमेंट भरल्यावर १९ सप्टेंबरला ती कायमची बंद झाल्याचे जाहीर झाले. मेक्सिकोची इक्स्टॉक-१ जून १९७९ पासून मार्च १९८० पर्यंत वाहत होती. म्हणून रिलीफ विहिरीची जागा आणि ती खणू शकणारी जवळची रिग यांची नोंद मूळ विहिरीच्या आराखड्यातच असावी.

नोंद आणि कळवणे

भारताच्या समुद्रात २००८ चे सागरी सुरक्षा नियम लागू आहेत आणि त्यांची देखरेख ओआयएसडी या तेल उद्योगाच्या सुरक्षा संचालनालयाकडे आहे; घटना कळवण्याची मुदत आणि नमुना रेडिओ रूममध्ये हाताशी ठेवावा. बंद करून सुखरूप बाहेर काढलेली किकही कळवावी. मड लॉगरचा डेटा, ट्रिप शीट, सिमेंटच्या कामाचा पंप चार्ट आणि टेस्टचे मूळ तक्ते त्याच दिवशी किनाऱ्यावर पाठवावेत, कारण रिग बुडाली तर कागदही बुडतात. ड्रिलिंगचे पथक बदलताना तोंडी निरोपावर विसंबू नये : उघडे राहिलेले व्हॉल्व्ह, न तपासलेले अडथळे आणि स्पष्टीकरण न मिळालेले दाब हे तीन मुद्दे येणाऱ्या ड्रिलरने सहीनिशी घ्यावेत, आणि त्यांतला एकही मुद्दा अनुत्तरित असेल तर पुढचे काम सुरू करण्याआधी टूल पुशरला फ्लोअरवर बोलावावे.